भाऊबीज, चार स्प्रिंगा आणि भातसानगर

मोटारीच्या पोटाखाली काय काय असते, याविषयी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत मला काडीचीही उत्सुकता नव्हती. गाडी चालते एवढे पुरे. ती कशी चालते हे ज्याच्या हातात चाक आहे त्याने पाहावे, अशी माझी समजूत. 2024 च्या भाऊबिजेला, शहापूरच्या पुढे एका गतिरोधकावर, ती समजूत क्षणात मोडली. दुर्दैवाने तिच्याबरोबर आईच्या पाठीचा एक मणकाही चिरला.

आम्ही चाललो होतो भातसानगरला. हे नाव मुंबईकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पण सकाळी तोंड धुताना त्यांतले पुष्कळ जण तिथलेच पाणी ओंजळीत घेतात. शहापूर तालुक्यात भातसा नदीवर 88.5 मीटर उंचीचे धरण आहे आणि मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे त्या एका धरणातून येते. सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथून ते पंपाने उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग मुंबईच्या वाटेला लावतात. शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी उतारानेच जाते म्हणतात. पण तो उतार कुणीकडे असावा हे ठरवणारी माणसे वेगळी असतात.

धरण बांधायचे तर बांधणाऱ्यांना घरे हवीत, म्हणून भातसानगरची वसाहत झाली. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. 1974 साली आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. कौलारू घर, मागे भाताची खाचरे आणि दिवसभर डंपरांची घरघर. तिथे आईला भाऊ मिळाला. हा भाऊ म्हणजे कामावरचा पहारेकरी. त्याचे गाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलेले. ज्या पाण्याने घर गिळले त्याच पाण्यावर पहारा करण्याची नोकरी त्याला मिळाली होती, पण याविषयी तो कधी वाकडा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. आईला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीला तिने त्याला पाटावर बसवून ओवाळले आणि ते नाते कायमचे झाले.

1983 साली धरण पुरे झाले आणि त्याच वर्षी त्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. मोठ्या जलाशयांच्या आसपास असे होते, हे कोयनेनंतर महाराष्ट्राला ठाऊक झालेच होते. सप्टेंबरातला मोठा धक्का 4.9 तीव्रतेचा होता. मांडणीवरची पितळेची भांडी एकामागून एक खाली आली तो आवाज अजून माझ्या कानात आहे. भाऊ धावत आला, त्याने आईला आणि आम्हां भावंडांना अंगणात काढले आणि ताडपत्री बांधून दिली. त्या पावसात आम्ही कित्येक रात्री ताडपत्रीखाली झोपलो. वडिलांची ड्यूटी धरणावर, भाऊची आमच्या अंगणात. तेव्हापासून आईने एकही भाऊबीज चुकवली नाही. वडील निवृत्त झाले, आम्ही ठाण्याला आलो, वडील गेले. पण कार्तिक शुद्ध द्वितीयेला आई भातसानगरच्या वाटेला लागणार हे ठरलेले. भाऊ आता ऐंशीच्या घरात, गुडघ्यांनी अधू. तो येऊ शकत नाही म्हणून ही जाते.

आता गाडीकडे वळू. आमच्या चिरंजिवांनी पहिल्या नोकरीच्या पैशांतून 2005 सालची एक मारुती एस्टीम विकत घेतली. तिसऱ्या हातातली. इंजिन 1298 घन सेंटिमीटरचे, ताकद 85 अश्वशक्ती. वजनाला गाडी हलकी, त्यामुळे जुनी असूनही तीरासारखी सुटते. या गाड्या एके काळी आपल्याकडच्या रॅलींत पुष्कळ धावल्या आहेत, हे मला त्याने इतक्या वेळा सांगितले की ते मी झोपेतही सांगू शकेन. त्याला तिला ऑटोक्रॉसच्या मैदानात उतरवायचे होते. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात खांब रोवून आखलेल्या वाटेने एकेका गाडीने घड्याळाशी लावलेली शर्यत. त्यासाठी गाडी खाली बसलेली हवी आणि कडक हवी, असे कुणीसे सांगितले. नवीन स्प्रिंगांना पैसे नव्हते. मग एका गॅरेजात चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून घेतला. तासाभराचे काम, खर्च जवळजवळ शून्य. गाडी दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसू लागली. सोसायटीतली पोरे तिच्याभोवती जमत. मलाही, खरे सांगायचे तर, ती ऐटबाज वाटली होती.

त्या गतिरोधकावर ती कमरेवर आदळली. वेग फार नव्हता. मागच्या सीटवर बसलेली आई "आई गं" एवढेच म्हणाली. भातसानगरला पोचून तिने उभ्याने भाऊला ओवाळले, कारण बसता येईना. ठाण्याला एक्स-रे निघाला, पट्टा आला, तीन महिने अंथरूण आले. चिरंजिवांनी गाडीवर कापड टाकले ते टाकलेच. घरात गाडीचा विषय निघाला की तो उठून गॅलरीत जाई. आई मात्र श्रावणात एका सकाळी म्हणाली, "यंदा भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. कसं जायचं ते आत्तापासून बघून ठेवा."

डॉक्टरांनी ना म्हटले नाही. धक्का बसता कामा नये, एवढीच अट घातली. भाड्याची मोठी गाडी करावी असे आमच्या हिचे मत पडले. चिरंजीव प्रथमच बोलले. "आजी माझ्याच गाडीतून जाईल. मला दोन महिने द्या." त्याच्याजवळ 25,000 रुपये साठले होते.

त्या पैशांत मनाजोगती चढउतार करता येणारी परदेशी शॉक अ‍ॅब्सॉर्बरांची जोडी मिळत नाही, हे त्याने महिनाभर शोध करून जाणले. शेवटी आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. कोकणातला माणूस, आयुष्यभर पद्मिनी टॅक्सींच्या खाली झोपून काम केलेला. त्या टॅक्सींना पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटे असत. पद्मिनी कुर्ल्याला तयार होई, जुन्या आग्रा रोडवर. आणि त्याच रस्त्यावर पुढे मुलुंडला, 1961 साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल कंपनीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा कारखाना होता. म्हणजे आमच्या भातसानगरच्या वाटेवरच हे सारे शास्त्र घडत होते आणि मी एस.टी.च्या खिडकीतून ऊसवाल्यांकडे बघत जात होतो.

मिस्त्रीने प्रथम काहीच विकत आणायला सांगितले नाही. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. एकदा वर येऊन गप्प बसावे ते सोडून गाडी तीन-चार वेळा डुलली. "शॉकप गेलेत, साहेब. चारही," तो म्हणाला. मग जॅक लावून चाके हलवली, लोखंडी आर्मच्या सांध्यात पहार घालून पाहिली. रबराचे बुश भेगाळलेले, वरच्या माउंटिंगमधले रबर भाकरीसारखे चपटे, आणि दणका झेलणारे रबरी ठोकळे तर गायबच. "आधी मोडलेलं नीट करा. मग काय कमी पडतं ते बघू. पोरं उलटं करतात."

स्प्रिंग कापल्याने काय झाले, ते त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवले. स्प्रिंगचे सहा वेढे काम करीत असतील आणि त्यांतला एक कापला, तर उरलेली स्प्रिंग 20 टक्क्यांनी कडक होते. शिवाय तोकडी होते. गाडी खाली बसते आणि चाकाला वर जायला जागाच उरत नाही. खड्डा लहान असला तर कडकपणा जाणवतो, मोठा असला तर लोखंडावर लोखंड आदळते. आईच्या पाठीला बसला तो हा लोखंडाचा दणका.

पुढचे चिरंजिवांनी सांगितले, कागदावर आकडेमोड करून. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एकदा झुलते. 11 सेंटिमीटरच दबत असेल तर दीड वेळा. माणूस चालतो तो साधारण याच ठेक्यात किंवा थोडा जलद, म्हणून हे झुलणे अंगाला सोसते. सेकंदाला 4 ते 8 वेळांचे उभे हादरे मात्र बसलेल्या माणसाला सर्वांत अधिक बाधतात. मागच्या स्प्रिंगांचा ठेका पुढच्यांपेक्षा किंचित जलद ठेवावा, कारण मागचे चाक खड्ड्यात उशिरा उतरते आणि त्याला पुढच्याला गाठायचे असते. ही गोष्ट मॉरिस ऑली नावाच्या इंजिनियरने 1930 च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिली. एवढे सगळे कारखान्याने मूळ गाडीत बसवलेलेच होते. आम्ही ते ग्राइंडरने उडवले होते.

"पण मग शॉकप कशाला?" मी विचारले. "दणका तर स्प्रिंगच खाते ना?"

मिस्त्री हसला. "स्प्रिंग खाते आणि परत ओकते. शॉकप पचवतो."

त्या वाक्याने मला एकदम वडील आठवले. लहानपणी एका पावसाळ्यात ते मला सांडव्याखाली घेऊन गेले होते. वरून पाणी कोसळत होते आणि खाली पांढरे धूर. मी म्हणालो, एवढे दरवाजे, एवढी भिंत, कठीण काम तेच असेल. ते म्हणाले, "भिंत पाणी धरते, दरवाजे सोडतात. खरं काम खाली आहे. त्या पाण्याची रग तिथेच जिरवली नाही, तर ते पायथा खणून काढील." सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याला आपल्याशीच झुंजवून शांत करतात आणि मग नदीत सोडतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीत हेच चालते. दांडा वरखाली होताना तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते. धक्क्याची रग तेलाच्या उष्णतेत जाते आणि हवेत निघून जाते. स्प्रिंग म्हणजे धरण, शॉकप म्हणजे सांडव्याचा पायथा. पन्नास वर्षांनी बापाचे एक वाक्य गॅरेजात कळले.

खरेदीला आम्ही तिघे कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडला गेलो. मोटारीचा कुठलाही अवयव तिथे सुटा मिळतो. जुन्या स्प्रिंगा स्वस्त होत्या. पण फरशीवर चार उभ्या केल्या तर चौघींची उंची निराळी. मिस्त्रीने मान हलवली. शेवटी स्प्रिंगा नव्याच घेतल्या, मूळ मापाच्या. शॉकपही नवे, नायट्रोजन भरलेले. त्या वायूच्या दाबाने तेलाला फेस येत नाही, म्हणून खडबडीत रस्त्यावर फार वेळ चालूनही ते दम सोडत नाहीत. बुश, माउंटिंग, रबरी ठोकळे सगळे नवे. कंजुषी कुठे करायची आणि कुठे नाही, यावर बापलेकांत दोनदा वाजले. त्याला जाड स्टॅबिलायझर बार हवा होता. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी ही सळई वळणावर गाडीला कलू देत नाही. पण एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले की ती दुसऱ्या बाजूलाही हादरा पोचवते. आपल्या रस्त्यांवर खड्डे जोडीने थोडेच येतात? मूळचीच सळई ठेवली, तिचे रबर तेवढे बदलले. माझ्यातला निवृत्त कारकून कायदाही बघून आला होता: मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. मूळ मापाचे भाग घालण्याला मात्र कुणाची हरकत नसते. सगळे मिळून 22,000 च्या आत बसले. उरलेल्यातून चाकांची अलाइनमेंट झाली.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती मात्र फुकट झाली. चिरंजिवांनी टायरांत दगडासारखी हवा भरून ठेवली होती. ती दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर आणली आणि अर्धी खडखड तिथेच थांबली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी परीक्षा ठरली. आमच्या हिने एक तोडगा काढला: आईच्या जागेवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा, खाली परात, आणि परातीत किती सांडले ते दुधाच्या मापाने मोजायचे. "हे शास्त्रीय नाही," चिरंजीव म्हणाले. "आजी तरी कुठे शास्त्रीय आहे?" ही म्हणाली. तांब्या प्रथम मागच्या सीटवर ठेवला. माजिवड्याहून निघालो, भिवंडी बायपासला रुंदीकरणाच्या कामातून कसेबसे बाहेर पडलो आणि पडघ्याला परात पाहिली: दोन मापे. तिथे चिरंजिवांना सुचले की मागची सीट मागच्या आसाजवळ, तिथे उसळी जास्त. गाडीच्या मध्याजवळ कमी. तांब्या पुढच्या सीटवर आला आणि मी मागे गेलो. वाशिंद, आसनगाव. डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागले. 1636 साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढले तो हा किल्ला. रस्त्याकडेला बाया काकड्यांचे वाटे लावून बसल्या होत्या, खाचरांतले भात पिवळे पडले होते. शहापूरला परात पाहिली. अर्धे माप.

महामार्ग फार सोपा प्रश्न होता, म्हणून शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो आणि तिथून सरळगाव, मुरबाड. हा रस्ता मला फार आवडतो. लहान लहान मोऱ्या, वळणे, मध्येच सागाची झाडी आणि प्रत्येक वस्तीला गतिरोधक. सरकारी नियमाने गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे 25 च्या वेगाने गाडी अलगद जाते. गावातले लोक मात्र आपल्या मुलांच्या काळजीने घालतात. ते लोडासारखे निघतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? आमच्यासारखीच मंडळी तिथून सुसाट जातात.

वस्ती मागे पडली आणि मोकळी वळणे आली तेव्हा चिरंजिवांनी माझ्याकडे आरशातून पाहिले. "बाबा, थोडी चालवून बघू?" मी तांब्या उचलून मांडीवर घेतला. त्याने गाडी सोडली. कायद्याच्या आतच, पण सोडली. मला भीती वाटायला हवी होती; वाटली नाही. पूर्वी हीच गाडी उखडलेल्या वळणावर टुणटुणत बाहेर सरकायची, कारण कडक स्प्रिंगेने चाक हवेत उडे, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण कळते. आता चाक रस्ता सोडतच नव्हते. गाडी थोडी कलत होती खरी, पण जिथे सांगितले तिथे जात होती. सरळगावला चहा घेताना तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ही आधीपेक्षा फास्ट आहे." मग त्याने मला जोगिंदर सिंगांची गोष्ट सांगितली. पूर्व आफ्रिकेत 1953 पासून चाललेली सफारी शर्यत म्हणजे हजारो मैल धूळ, चिखल आणि दगड. 1965 साली केनियाच्या या शीख ड्रायव्हरने भाऊ जसवंत याला बरोबर घेऊन ती जिंकली, आणि तीही कंपनीच्या चमूने आधी वापरलेल्या जुन्या व्होल्व्होतून. सेकंडहँड गाडी! चिरंजिवांच्या चेहऱ्यावर वर्षभराने रंग दिसला. चहाचे पैसे त्यानेच दिले.

23 ऑक्टोबरला पहाटे निघालो. आई पुढे, पाठीशी उशी, मांडीवर ओवाळणीचे तबक गुंडाळलेली पिशवी. मी मागे. चिरंजीव इतके गप्प की मला त्याचा श्वास ऐकू येत होता. पडघ्यापर्यंत आई रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याकडे डोळे लावून बसली होती. वाशिंदच्या पुढे तिने पिशवी सैल सोडली. शहापूर ओलांडले, महामार्ग सोडून उजवीकडे वळलो. तो गतिरोधक आला. चिरंजिवांनी गाडी जवळजवळ थांबवली, पुढची चाके चढवली, उतरवली, मग मागची. कुणी काही बोलले नाही. फर्लांगभर गेल्यावर आईने विचारले, "तो मेला गतिरोधक कुठे आहे रे? आधी सांग मला, मी धरून बसते."

"गेला, आजी."

"कधी?"

भाऊ ओट्यावर वाट पाहत बसला होता. आईने यंदा त्याला बसून ओवाळले. त्याने दरवर्षीप्रमाणे शंभराची नोट घातली आणि आईने दरवर्षीप्रमाणे ती नको म्हणून घेतली. जेवणे झाल्यावर भाऊ म्हणाला, धरण भरून वाहिलं त्याला दोन वर्षं झाली असतील मी पाण्याकाठी गेलो नाही, गुडघे साथ देत नाहीत. चिरंजीव लगेच किल्ली घेऊन उठले. भिंतीवर जायला परवानगी लागते. पण पाणी दिसेल अशी एक जागा भाऊला ठाऊक होती.

गुडघे दुमडत नाहीत म्हणून भाऊला पुढे बसवावे लागले. आई मागे बसायला निघाली. चिरंजीव आडवे आले. "आजी, मागे नको. डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टरला इथे कुणी बोलावलंय? आणि तू हळू चालव की."

तो क्षणभर गाडीच्या मागच्या चाकांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला. माझे वजन 83 किलो आहे. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही चालत या."

मी चालत निघालो. पुढचा रस्ता म्हणजे नुसता उखडलेला मुरूम. एस्टीम माझ्यापुढे बैलगाडीच्या चालीने चालली होती आणि मला तिचे पोट प्रथमच मागून नीट दिसत होते. डावे चाक खड्ड्यात उतरे, वर येई. उजवे एका दगडावर चढे, उतरे. मागच्या काचेतून आईचा पांढरा अंबाडा दिसत होता आणि तिच्यापुढे भाऊची पांढरी टोपी. दोघे काहीतरी बोलत होती. वळणापर्यंत मी पाहत गेलो. चाके सारखी वरखाली होत होती, अंबाडा जागच्या जागी होता.